आनंदवनभुवनी : एका स्वप्नाचे अनेक अर्थ

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

आमच्या चिखलीला जुनी माणसे अजून टाळगाव चिखली म्हणतात. तुकाराम महाराज वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांचे टाळ इथे पडले, म्हणून टाळगाव, अशी गावाची श्रद्धा आहे. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि मध्ये इंद्रायणीच्या काठावर आम्ही. आता मात्र गावाभोवती कारखाने, वर्कशॉप आणि गोदामे आहेत. पहाटे देवळात काकडा चाललेला असतो, त्याच वेळी रात्रपाळी सुटलेली माणसे चहाच्या टपरीवर उभी असतात. याच भागातल्या एका शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. निवृत्त झालेल्या इतिहासाच्या मास्तराला घरात कोणी फारसे काही विचारत नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुटीत नातवाने, "आबा, जरा इकडे या, एका जुन्या लेखाचा अर्थ लावायचाय," अशी हाक मारली, तेव्हा मी चष्मा शोधून लगबगीने गेलो.

जुना लेख म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ निघाला. 'स्कायरिम' त्याचे नाव. २०११ साली अमेरिकेत निघालेला, 'एल्डर स्क्रोल्स' नावाच्या मालिकेतला पाचवा. ड्रॅगन आहेत, बर्फाळ डोंगर आहेत, तलवारी आहेत. त्यात एका पुरातन मंदिराच्या भिंतीवर भविष्य कोरलेले आहे. कुठे पितळी बुरूज चालायला लागतो, कुठे तांबडा बुरूज हादरतो, कुठे राजाचे तख्त जाते, आणि हे सगळे झाले की जग गिळणारा ड्रॅगन जागा होतो. सरळ असे काहीच नाही, सगळे कोड्यात. नातवाने वहीत दोन रकाने पाडले होते. डावीकडे ओळ, उजवीकडे अर्थ. प्रत्येक ओळीसमोर मालिकेतल्या आधीच्या एकेका खेळातली घटना लिहिली होती आणि ती चपखल बसत होती. फक्त शेवटची ओळ अडली होती. तिच्यात वंशाच्या 'शेवटच्या' वीराचा उल्लेख आहे. शेवटचा म्हणजे यापुढे कोणी होणारच नाही, की आतापर्यंतचा शेवटचा, यावरून त्याच्या मित्रमंडळींत दोन तट पडले होते.

मी त्याला मास्तरी प्रश्न विचारला. "आधीचे खेळ कधी निघाले?" त्याने भराभर सांगितले : १९९४, १९९६, २००२, २००६. "आणि हे भविष्य कधी लिहिले?"

"गोष्टीत म्हणाल तर हजारो वर्षांपूर्वी."

"गोष्टीतले नको. खरे सांग."

तो थांबला. "२०११." मग त्याच्या लक्षात आले आणि तो जरा चिडलाच. "म्हणजे चीटिंग! झाल्यावर लिहिलं!"

मंडळी, ही चीटिंग फार जुनी आहे, आणि तिला चीटिंग म्हणावे की नाही हाही प्रश्नच आहे. आपली पुराणे उघडून बघा. मत्स्य, वायू, विष्णू, भागवत या पुराणांत कलियुगातल्या राजवंशांच्या याद्या आहेत. नंद, मौर्य, शुंग आणि 'आंध्र' म्हणून आपले पैठणचे सातवाहनसुद्धा. पण या सगळ्या याद्या भविष्यकाळात आहेत. अमका राजा इतकी वर्षे राज्य करील, मग त्याचा मुलगा करील. एफ. ई. पार्गिटर या इंग्रज अभ्यासकाने १९१३ साली हे सगळे पाठ एकत्र ताडून छापले. ही यादी गुप्तांच्या आरंभापर्यंत येते आणि तिथे तिचा धागा सुटतो. म्हणजे लिहिणाऱ्याचा काळ कोणता, हे त्याच्या भविष्यानेच सांगून टाकले! भविष्यपुराणाची तर गंमतच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याने ते छापले. त्यात मोगल आहेत, कलकत्ता आहे आणि 'विकटावती' नावाची एक राणीही आहे. ती कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथाचेही असेच. ग्रीक राजांच्या लढाया त्यात इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारापर्यंत बारकाईने जुळतात आणि पुढचे एकदम चुकते. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने हे हेरले होते. भविष्य जिथपर्यंत बरोबर येते तिथे लेखक बसलेला असतो, हा इतिहासाचा ठोकताळा इतका जुना आहे.

दुसरा प्रकार असतो मोघम भविष्याचा. फ्रान्सचा नॉस्ट्रॅडॅमस सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या भविष्यावरची मराठी पुस्तके मी स्वतः रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरून घेतलेली आहेत, आणि १९९९ च्या जुलैत आकाशातून काही येते का म्हणून थोडी वाटही पाहिली आहे. कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने १९९७ साली एक लेख लिहिला. मोघम लिहिले की ते कशालाही कसे लागू पडते, हे दाखवायला त्याने स्वतःच एक खोटा श्लोक रचला. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि तोच श्लोक, वर आणखी भर घालून, नॉस्ट्रॅडॅमसचा म्हणून जगभर फिरला. खाली साल घातले होते १६५४. नॉस्ट्रॅडॅमस वारला १५६६ मध्ये!

हसायला नको. आमच्या शेजारी कोल्हापूरकडची दोन-तीन कुटुंबे आहेत, पोटासाठी इथे कारखान्यांत आलेली. दिवाळीच्या आधी ती पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जातात. भंडाऱ्याची उधळण होते, फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि मग भाकणूक होते. चार-चार शब्दांची वाक्ये. पाऊसपाणी कसे, धान्याची धारण चढती की उतरती, राजकारणात काय उलथापालथ. परत आल्यावर मोबाइलवरची ती भाकणूक आमच्या टपरीवर पुन्हापुन्हा ऐकली जाते आणि एकेका शब्दावर तास तास जातो. नातवाच्या वहीतला उजवीकडचा रकाना तो हाच.

हे सगळे ऐकून झाल्यावर नातवाने विचारले, "पण आबा, आपल्याकडे असं काही आहे का, जे खरंच आधी लिहिलंय?"

या प्रश्नासाठीच जणू मी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. समर्थ रामदासांचे 'आनंदवनभुवनी'.

साठेक श्लोकांचे हे प्रकरण आहे. जवळजवळ प्रत्येक श्लोक 'आनंदवनभुवनी' या शब्दाने संपतो. आनंदवन हे काशीचे पुराणातले नाव. आरंभी कवी सांगतो की संसारात नाना दुःखे भोगली आणि आता आनंदवनाला जायचे ठरवले. मग एक स्वप्न सुरू होते. देव खवळून उठतात, देवांची सेना निघते, दुष्टांचा संहार होतो. औरंगजेबाचे नाव घेऊन तो बुडाला असे सांगितले आहे. मोडलेली क्षेत्रे पुन्हा उभी राहतात, स्नानसंध्येला भरपूर पाणी होते, रामवरदायिनी देवी प्रसन्न होते. आणि कवीचे म्हणणे असे की रात्री जे स्वप्नात पाहिले ते तसेच घडते आहे.

आता सालांचा मेळ घाला. समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला १६८२ साली. औरंगजेब वारला १७०७ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी. तोही बुडून नव्हे, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अहमदनगरच्या छावणीत, अंथरुणावर. मग समर्थांनी तो बुडाल्याचे भूतकाळात कसे लिहिले? पुराणांनी झालेले भविष्यकाळात सांगितले. इथे न झालेले भूतकाळात सांगितलेले आहे. सगळा वाद या एका क्रियापदातून सुरू होतो.

कोणी म्हणतात, हे १६७४ च्या राज्याभिषेकाचे वर्णन आहे. क्षेत्रे पुन्हा मांडली गेली, देवी प्रसन्न झाली, राज्य धर्माचे झाले. आनंदवन म्हणजे काशी नव्हे, स्वराज्य. आणि काशी हवीच असेल तर गागाभट्ट तिथूनच आले होते की! अर्थ गोड आहे, पण १६७४ मध्ये औरंगजेब तख्तावर धडधाकट होता. कोणी म्हणतात, हे भविष्यच आहे, १७०७ चे. काहींना वाटते की तो उल्लेख मागाहून कोणीतरी घातला असावा. माझे वडील सांगत की त्यांच्या लहानपणी तालमीत हे श्लोक म्हणताना औरंगजेबाच्या जागी मनात इंग्रज असे, आणि १९४७ साली वस्तादांनी पेढे वाटून 'खरे झाले' म्हणून सांगितले होते.

अभ्यासकांत तर हा प्रश्न आणखी मोठ्या भांडणात अडकला. समर्थ आणि शिवाजी महाराज यांची भेट १६४९ ची की १६७२ ची? धुळ्याच्या शंकरराव देवांनी सत्कार्योत्तेजक सभेतर्फे रामदासी मठांतली बाडे गावोगाव फिरून गोळा केली. त्यांचे काम एवढे मोठे की त्यांच्याशी मतभेद असणारासुद्धा त्यांच्याच कागदांवर उभा राहतो. देवांचा पक्ष १६४९ चा. प्रा. गो. चिं. भाटे यांनी १६७२ ची बाजू मांडली, आणि न. र. फाटकांनी तर समर्थांचा राजकारणाशी संबंध होता हेच नाकारले. आता भेट लवकर झाली असे मानले की 'आनंदवनभुवनी' हा राजकारणाचा आराखडा वाटतो, आणि उशिरा मानली की तो लांबून पाहणाऱ्या साधूचा आनंद वाटतो. श्लोक तेच. पुढे या वादात जातीही शिरल्या आणि कागद मागे पडले, हे मला दुःखाने सांगावे लागते.

असा अर्थ लावणे किती सोपे असते ते नातवाला दाखवायला मी तिथल्या तिथे एक नवा अर्थ तयार केला. तुम्हीही ऐका. काशी विश्वेश्वराचे देऊळ औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ साली पाडले गेले. आज उभे आहे ते देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधले, १७८० च्या सुमारास. अहिल्याबाई जन्मल्या चौंडीला, १७२५ मध्ये. चौंडी कुठे? त्याच अहमदनगर जिल्ह्यात, जिथे औरंगजेब संपला, आणि ज्याला आता त्यांचेच नाव दिले आहे. म्हणजे आनंदवन हे अक्षरशः काशीच, मोडलेले क्षेत्र म्हणजे विश्वेश्वर, आणि प्रसन्न झालेली माता म्हणजे अहिल्यामाता! नातवाचे डोळे चमकले. "आबा, हे परफेक्ट आहे."

"आता यातली भोके शोध," मी म्हटले. त्याला सापडेनात, म्हणून मीच सांगितली. काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच आली नाही. पेशव्यांनी ती मागून पाहिली, मिळाली नाही. १७७५ मध्ये ती अयोध्येच्या नबाबाकडून इंग्रज कंपनीकडे गेली. देऊळ उभे राहिले ते कंपनीच्या अमलात, एका राणीच्या दानातून. श्लोकांतली ती देवांची सेना, तो संहार, यातले काहीच त्या वेळी झाले नाही. मी मला हवे ते चार श्लोक घेतले होते आणि बाकीच्या पन्नासांकडे पाहिलेच नव्हते.

हे मी इतक्या शहाणपणाने सांगतो आहे, पण माझ्या हातून हीच चूक झालेली आहे, आणि तीही मुलांसमोर. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शाळेतल्या रामदासनवमीच्या कार्यक्रमात मी तावातावाने बोललो होतो. समर्थांनी औरंगजेबाचा अंत पंचवीस वर्षे आधी पाहिला, १७०७ साली शब्द न् शब्द खरा झाला, वगैरे. टाळ्या पडल्या. मग आठवीतली एक मुलगी उभी राहिली. तिचे आजोळ तुळापूरकडचे. तिने विचारले, "सर, संभाजीराजांना मारलं तेव्हा हे श्लोक कुणाला पाठ होते का? त्यांना काय वाटलं असेल?"

आमच्या चिखलीवरून वाहणारी इंद्रायणी पुढे तुळापूरलाच भीमेला मिळते. ११ मार्च १६८९ रोजी त्या परिसरात संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. आणि पुढे १७०० साली औरंगजेबाने सज्जनगडही घेतला. ज्या गडावर समर्थांची समाधी, त्याच गडाचे नाव बदलून त्याने 'नौरसतारा' ठेवले. तो बुडाला असे ज्यांच्या पोथीत लिहिलेले होते, त्यांच्या गुरूच्या समाधीवर त्याचाच अंमल! त्या वर्षी ती पोथी कोणी उघडली असेल तर कशी वाचली असेल? खोटी ठरली म्हणून मिटून ठेवली, की अजून व्हायचे आहे म्हणून छातीशी धरली? १७०७ नंतर वाचणाऱ्याला ती सहज भविष्य वाटते. १७०० मध्ये वाचणाऱ्याला ती तशी वाटणे सोपे नव्हते. मी त्या मुलीला काय उत्तर दिले? "भविष्य नंतरच कळते. बस खाली." ती बसली. ते उत्तर मला पुढे कित्येक वर्षे टोचत राहिले.

आज ती भेटली तर मी वेगळे सांगेन. श्लोक मी पुन्हा पुन्हा वाचले आणि एक साधी गोष्ट ध्यानात आली, जी वास्तविक पहिल्याच वाचनात यायला हवी होती. कवी स्वतःच सांगतो आहे की हे स्वप्न आहे. आणि आपण स्वप्न कसे सांगतो? "काल रात्री नदीला पूर आला, आपले घर वाहून गेले, पण म्हातारी मात्र वाचली." पूर येईल, घर वाहील, असे कोणी स्वप्न सांगत नाही. स्वप्नाची भाषा भूतकाळाचीच असते, मग ते घडो वा न घडो. औरंगजेब बुडाला हे क्रियापद समजायला दिव्यदृष्टीही लागत नाही आणि मागाहून कोणी श्लोक घुसडला असेही म्हणावे लागत नाही. देवळे पडताना पाहिलेल्या, साऱ्या देशातली तीर्थे पायी पालथी घातलेल्या माणसाने, पाडणारा हयात असताना, तो संपल्याचे स्वप्न पाहिले. ते घडते आहे असे त्याला वाटावे इतके काहीतरी त्याच्या आजूबाजूला, सह्याद्रीच्या खोऱ्यांत, खरोखर होत होते. ते राज्याभिषेकाच्या आधीचे की नंतरचे, हे ठरवायला श्लोक पुरत नाहीत. मी तरी ठरवणार नाही.

समर्थांच्या भक्तांपैकी काहींना हे आवडत नाही. भविष्यवेत्ता काढून घेतला आणि नुसता स्वप्न पाहणारा ठेवला, असे एक गृहस्थ मला तोंडावर म्हणाले. मला उलट वाटते. १७०७ मध्ये काय होणार हे ज्याला आधीच दिसते त्याला आशा कशाला लागते? औरंगजेबाचे तख्त भक्कम असताना, पुढचे काहीही ठाऊक नसताना हे लिहिलेले आहे. म्हणून तर १६८९ नंतरही ती पोथी टिकली असेल.

नातवाने मात्र माझे प्रवचन अर्ध्यावर सोडून आपल्या वहीत नवे पान उघडले होते. तसेच दोन रकाने. डावीकडे 'आनंदवनभुवनी' मधल्या गोष्टी एकाखाली एक. उजवीकडे त्याने तीन उभे भाग पाडले : १६७४, १७०७, १७८०. जिथे जुळते तिथे बरोबरची खूण, जिथे जुळत नाही तिथे फुली. फुल्या बऱ्याच झाल्या. स्नानसंध्येला भरपूर पाणी, या गोष्टीपाशी तो अडला. "हे कधी झालं?" एका मित्राने म्हणे चाफळ पाटण तालुक्यात, कोयना धरणही पाटण तालुक्यात, म्हणून कोयना सुचवले होते. दुसरा आमच्या नळाला पाणी देणाऱ्या पवना धरणाच्या बाजूचा होता.

संध्याकाळी आम्ही दोघे स्कूटरवरून आळंदीला गेलो. गेली काही वर्षे इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येत असतात. त्या दिवशीही होता, घाटाच्या पायऱ्यांना कापसासारखा चिकटलेला. बाहेरगावचे एक वारकरी जोडपे शेवटच्या पायरीवर उभे होते. म्हाताऱ्याने हाताने फेस बाजूला सारला, चूळ भरायला ओंजळ घेतली, ती तोंडापाशी नेली आणि परत सोडून दिली. बायकोने पिशवीतून पाण्याची विकतची बाटली काढून त्याच्या हातावर धार धरली.

घरी आल्यावर नातवाने वही काढली. पाण्याच्या ओळीसमोर त्याने खूणही केली नाही, फुलीही मारली नाही. तो रकाना मोकळा ठेवला आणि दिवा मालवून झोपला.